बिनपल्ल्यांचं कपाट

फ्रीगंजातल्या फर्निचरवाल्याने कपाटांचा अंदाज सांगितला आणि आमच्या ह्यांचे डोळे पांढरे झाले. दुकानात पुढे केलेला चहाही न पिता परत आले, पंख्याखाली बसले आणि वर पेपरानेही वारा घ्यायला लागले. मला वाटलं, बीपी वाढलं की काय. पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा म्हणाले, "अगं, आपल्याला धुण्याचे कपडे ठेवायचेत. तो तर लग्नाचा हॉल बुक केल्यासारखे पैसे सांगतोय."

मला त्या फर्निचरवाल्याचा नाही, ह्यांचाच राग आला. वर्षभर मी कानीकपाळी ओरडत होते की त्या खोलीचं काहीतरी करा. मागच्या अंगणाकडची ती आमची छोटी खोली. पूर्वी तिथे बंब तापायचा, आता वॉशिंग मशीन आहे. पण मशीन आलं म्हणून शिस्त थोडीच येते? धुतलेले आणि धुवायचे कपडे एकाच खुर्चीवर. साबणाची पुडी उघडी, तिच्यात मुंग्या. क्लिपांचा डबा कधी जागेवर सापडेल तर शपथ. एकदा हे धुवायला टाकलेला शर्ट घालून नात्यातल्या मुंजीला जाऊन आले आणि ते मला फोटोत कळलं. कॉलरवर भाजीचा डाग! सगळ्यांच्या मोबाइलवर गेला तो फोटो. इतकी वर्षं मी शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना टापटीप शिकवली आणि माझ्या घरात हे.

"मीच करतो," हे म्हणाले.

"काय करता?"

"कपाट. मोबाइलवर सगळं दाखवतात. काही कठीण नाही."

लग्न झाल्यापासून आमच्या घरात कॅलेंडरचा खिळासुद्धा मी ठोकत आलेय. ह्यांनी जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, हातोडी कुठल्या बाजूने धरतात ते विचारा! पण माणूस हट्टाला पेटला होता. मी म्हटलं, करा बाबा, बोटं सांभाळा म्हणजे झालं.

आता त्या खोलीतली खरी अडचण सांगते. ती म्हणजे आईंची पेटी.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय पंच्याऐंशीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्या भजनी मंडळाबरोबर महेश्वरला गेल्या आणि येताना स्वतःसाठी एक नऊवारी घेऊन आल्या. वांगी रंग, बारीक काठ. आम्हाला वाटलं, चला, बरं झालं, जरा मन रमेल, नेसतील. तर त्यांनी मला समोर बसवलं आणि बाजारहाट सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "हे माझं जायचं लुगडं. मला पांढऱ्यात नेऊ नका. हेच नेसवायचं, आणि तू नेसवायचंस." वर्ग गप्प करणारी बाई मी, पण निमूट मान डोलावली.

ते लुगडं लाल फडक्यात बांधून पेटीत गेलं. सोबत गंगेचा सीलबंद गडू, तुळशीची काष्ठं आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत एक सोन्याचा मणी. दरवर्षी दसरा झाला की आई ते गाठोडं उन्हात काढायच्या. अंगणात खाट टाकायची, वर स्वच्छ धोतर पसरायचं, त्यावर लुगडं ठेवायचं, तेसुद्धा घडी न मोडता. एक बाजू तापली की दुसरी बाजू वर करायची. स्वतः शेजारी खुर्ची टाकून राखण करायच्या. कुणी हात लावायचा नाही. मी लावायचा नाही, नातीने लावायचा नाही, कावळ्याने तर नाहीच नाही. एकदा शेजारच्या भाभी भिंतीवरून म्हणाल्या, "अम्माजी, बहुत सुंदर साड़ी है, किसकी शादी में पहनोगी?" आई म्हणाल्या, "मेरी विदाई में." भाभी आधी हसल्या, मग कळल्यावर तशाच पदर तोंडाला लावून घरात पळाल्या.

हेही मी सहन केलं असतं. म्हातारं माणूस आहे, तयारी ठेवतं, आपल्याकडे ठेवतातच. पण तयारी एका गाठोड्यापुरती राहिली नाही. ती हळूहळू सगळ्या घरात पसरली. नवी चप्पल आणली तर, "कशाला? मी कुठं आता." रात्रीचं जेवण बंद केलं, "जाणाऱ्याला हलकं बरं." आणि मग डोळे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या उन्हाळ्यात त्या भिंत चाचपत चालायला लागल्या, चहात मीठ घालायला लागल्या, तेव्हा आम्ही बळेच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला भला माणूस. त्याने आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, मोतीबिंदू पिकून गेलाय, आता थांबू नका, आत दाब वाढला की गेलेली नजर परत येणार नाही. हे बाहेर येऊन आईंना समजावायला बसले. साधं ऑपरेशन आहे, टाकासुद्धा नसतो, संध्याकाळी घरी. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, जळायला कशाला हवेत नवे डोळे?"

दवाखान्याच्या बाकावर, चार लोकांत! शेजारची बाई दचकून आमच्याकडे बघायला लागली. हे उठले आणि स्कूटर काढायला जातो म्हणून गेले ते कितीतरी वेळ आलेच नाहीत. मी जाऊन पाहिलं तर स्कूटरच्या सीटवर हात ठेवून नुसते उभे होते. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या ऑपरेशनचा विषय म्हणजे निखारा. हे काढायचे नाहीत, मी काढला की आई जपमाळ घ्यायच्या. मला त्या लुगड्याची काही पडलेली नव्हती. आई डोळ्यांदेखत आंधळ्या होणार आणि आम्ही बघत बसणार, हे मला सहन होत नव्हतं.

तर अशा घरात ह्यांनी सुतारकाम काढलं.

देवास गेटकडे एका टेंटवाल्याने जुनं सामान विकायला काढलं होतं. लग्नात स्टेज करतात त्या प्लायच्या पाट्या आणि लाकडी पट्ट्या. हे लोडिंग रिक्षा भरून घेऊन आले. मी अंगणात येऊन बघते तर काय, पाट्यांना गुलाबी रंग, खिळ्यांची भोकं, आणि एका पाटीवर भल्यामोठ्या सोनेरी अक्षरांत 'शुभ विवाह'. मी कपाळावर हात मारला. "हे कबाड उचलून आणलंत?"

"कबाड काय? टेंटवाला म्हणाला, बाबूजी, सागौन तो नहीं है, पर पूरी-पूरी बरात झेली है इसने. तुझे टॉवेल झेलणार नाही का?"

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात आई भिंत चाचपत अंगणात आल्या. पाटीवरून हात फिरवला, कडेला नख लावलं आणि म्हणाल्या, "ही ओली आहे रे. हिला ऊन दाखव आधी, नाहीतर फुगेल." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो. कारण आई सकाळच्या जपाच्या वेळी खोलीबाहेर आल्या होत्या. असं कित्येक दिवसांत घडलं नव्हतं.

पण पेटी हलवायची वेळ आली तेव्हा त्याच आई पेटीवर जाऊन बसल्या. "ही इथून हलणार नाही."

"आई, तिथं कपाट येणार आहे."

"येऊ दे. पेटीच्या बाजूने येऊ दे."

मी म्हटलं, "बाजूने कसं येईल? खोली आहे की मैदान?" माझा आवाज चढलाच. हे मधे पडले, मला गप्प राहायची खूण केली. आई म्हणाल्या, "बरं. पेटी काढ. पण कपाटात मला एक खण दे. खालचा दे, हाताशी. वर ठेवलंत तर वेळेवर सापडायचं नाही, आणि ही घाबरट, हिला आठवायचं नाही."

ही म्हणजे मी. पण मला त्याचा रागसुद्धा आला नाही. ह्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली होती. ते ती उचलेनात. स्वतःच्या आईच्या जायच्या लुगड्यासाठी स्वतःच्या हाताने खण करायचा, हे त्यांना आत्ता कळत होतं. मला वाटलं आता हे करवत फेकून देतात. त्यांनी पेन्सिल उचलली, कानाला लावली आणि विचारलं, "किती उंच हवा?" आईंनी हात पसरून दाखवलं. ह्यांनी त्या हाताचंच माप घेतलं.

काम सुरू झालं. आमच्या घरात तो आवाज! ड्रिल, ठोकाठोक, मोबाइलवरचा तो माणूस हिंदीत ओरडून सांगतोय, मधेच ह्यांचं "अरे यार". मी स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने विचारायचे, माप नीट घेतलं का, पट्टी सरळ आहे का, हाताला लागलं का. ह्यांना माझी किरकिर नको झाली. त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत त्यांच्याबरोबर फक्त आई. आई खुर्चीवर बसायच्या, मांडीवर स्क्रूंची वाटी. ह्यांनी "मोठा" म्हटलं की बोटांनी चाचपून मोठा द्यायच्या, "लहान" म्हटलं की लहान. सुरुवातीला चुकायच्या, मग चुकेनाशा झाल्या. दाराबाहेर उभी राहून मी ऐकायचे. मायलेकांच्या गप्पा चालायच्या, कुठल्या कुठल्या जुन्या. सासऱ्यांनी ह्याच खोलीत बंबाला हात भाजून घेतला होता ते, ह्यांनी लहानपणी साबणाची वडी चावली होती ते. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. साबण खाल्लेल्या माणसाशी माझं लग्न लावलं आणि मला पत्ता नाही!

एका संध्याकाळी मी दोन ताटं वाढली तर आई येऊन पाटावर बसल्या. मी विचारलं, "काय हवंय आई?"

"जेवायला वाढ. दिवसभर काम केलंय."

माझ्या हातातली पळी आमटीत पडली. बोलले असते तर नजर लागली असती. गरम पोळी वाढली, तूप सोडलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

मग पल्ल्यांचा दिवस उजाडला. कपाटाचा सांगाडा झाला होता, फळ्या बसल्या होत्या, मशीनच्या दोन्ही बाजूंना खण, वर आडवी फळी, आणि खाली उजव्या हाताला आईंचा खण. त्याच्या आतल्या बाजूला नेमकी ती 'शुभ विवाह'ची पाटी आली होती. मी म्हटलं, अहो, निदान ह्या खणाला तरी दुसरी लावायची! पण आईंना दिसत नव्हतं आणि ह्यांना भान नव्हतं. आता पुढे दारांचे पल्ले लावले की झालं. ह्यांनी बिजागऱ्या लावल्या, पल्ले चढवले, आतून हाक मारली, "ये गं, बघ!"

मी बाहेरून दार ढकललं. दार धाडकन कशावर तरी आदळलं आणि वीतभर फट ठेवून अडकलं. मी पुन्हा ढकललं. आतून हे ओरडले, "अगं थांब, थांब! पल्ला मोडेल!"

आलं का लक्षात? खोलीचं दार आत उघडतं. ह्या महाशयांनी सगळी मापं दार लावून घेतली होती, माझी किरकिर ऐकू येऊ नये म्हणून! दार बंद असेल तर कपाट उघडतं, कपाट बंद असेल तर दार उघडतं, आणि पल्ले उघडे असताना कुणी दार ढकललं की पल्ला दारात अडकून आतला माणूस आतच. मायलेक आत कोंडले गेलेले, मी बाहेर. फटीतून मला ह्यांचा अर्धा चेहरा दिसत होता, पांढराफटक.

"बँकेत होतात ना तुम्ही?" मी फटीतून म्हटलं. "तिजोरी तरी उघडायची का हो तुमच्याच्याने?"

तेवढ्यात आतून एक आवाज आला. कुं कुं असा. आई! पल्ला लागला की काय त्यांना, रडतायत? मी ओरडले, "अहो, आईंना बघा! काय झालं बघा!"

हे म्हणाले, "अगं... आई हसतेय."

मला खरंच वाटेना. मी फटीत डोळा घातला. आई खुर्चीवर दुमडून गेल्या होत्या, मांडीवरची स्क्रूंची वाटी सांडलेली, बोळक्या तोंडाने हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. "अरे, ह्याने मलाच पेटीत घातलं," म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. हसण्याचा आवाजसुद्धा मला ओळखू आला नाही, बघा.

पल्ले काढून टाकावे लागले. दुसरा उपायच नव्हता. पल्ल्यांच्या जागी स्प्रिंगची तार ताणून पडदे लावायचे ठरलं. मी म्हटलं, भैरवगढ़ला छपाईत बिघडलेलं कापड स्वस्तात मिळतं, तिकडून आणते. पण मधेच इंदूरला मुलीकडे जावं लागलं. नातवाला ताप होता. जाताना ह्यांना बजावलं, "मी येईपर्यंत काहीही करू नका. कशाला हात लावू नका." ह्यांनी मान डोलावली. ही मान मला ओळखीची आहे, पण बस सुटत होती.

दोन दिवसांनी परत आले. ऊन मी म्हणत होतं. पिशवी टाकली आणि घामाची साडी बदलायला मागच्या खोलीकडे गेले.

कपाटाला पडदे लागले होते. वांगी रंगाचे. बारीक काठाचे.

आधी मला कळलंच नाही. मी मनात म्हटलं, अरे वा, ह्यांनी कुठून आणलं इतकं छान कापड, हुबेहूब आईंच्या... मी तो काठ हातात धरला. नवा करकरीत, कडक पडलेली घडी अजून कापडावर दिसत होती. ज्या लुगड्याला मी इतक्या वर्षांत बोटही लावलं नव्हतं, ते माझ्या हातात होतं, कापलेलं. तीन तुकडे. वर नेफा दुमडून, हाताने टाके घातलेले, नागमोडी, एक इथे तर एक तिथे.

"अहो!" मी अशी किंचाळले की भाभी भिंतीवर आल्या.

हे आले. त्यांचा चेहरा पाहूनच मी समजले. "तुम्हाला माहीत होतं? तुम्ही कापू दिलंत?"

"मी बाजारातून आलो तेव्हा कापून झालं होतं. तिने अंदाजाने कात्री चालवली," हे म्हणाले. "मला म्हणाली, सुई ओवून दे. मी ओवून दिली."

"ओवून दिली? आणि बघत बसलात?"

"सारखा दोरा संपत होता. मी सारखा ओवून देत होतो." आणि हे, साठी उलटलेला माणूस, लहान पोरासारखे रडायला लागले.

मी तशीच तरातरा आईंच्या खोलीत गेले. आई खाटेवर बसून होत्या, बोटाला फडकं गुंडाळलेलं. सुई टोचली असणार. खरं तर मी आधी ते बोट बघायला हवं होतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्या तोंडून जे निघालं ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मी म्हटलं, "आई, तुम्ही ते कापलंत? आता काय नेसवू मी तुम्हाला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. असं कुणी बोलतं का जिवंत माणसाला? दारात हे उभे, भिंतीवर भाभी.

आईंनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. भुवया उंचावल्या.

"तुला कसली गं एवढी घाई झालीय?"

मला घाई! मला! मी मटकन खाली बसले. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. आईंनी चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, पोराने एवढं मरमर करून केलं आणि ते आपलं उघडं भक्क," त्या म्हणाल्या. "तुझे टॉवेल, ह्याचे गंजीफ्रॉक, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं. घरात चांगलं कापड तेवढंच होतं. नुसतं खणात पडून काय करायचं होतं त्याला?"

"पण आई, तुमचं..."

"ते मग बघू. तुझ्या कपाटात साड्या काय कमी आहेत? पांढरी नको म्हणजे झालं." मग म्हणाल्या, "हातात सुई होती तर दिवस कसा गेला कळलं नाही गं. पेटीची राखण करत बसायचे तेव्हा संपता संपायचा नाही."

मी त्यांचं बोट सोडवून पाहिलं. चार ठिकाणी टोचलेलं. हळद आणायला उठले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"खरं सांग. टाके वाकडे आलेत ना?"

एरवी मी म्हटलं असतं, नाही हो आई, छान आलेत. त्या दिवशी मला खोटं बोलायची हिंमतच झाली नाही. "वाकडे आलेत. खूप वाकडे आलेत."

"वाटलंच मला. बोटांना कळतं, पण नीट कळत नाही." दारातल्या ह्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "काय रे, तो डॉक्टर अजून करतो का म्हणावं? का आता उशीर झाला?"

हे उत्तर द्यायला थांबलेच नाहीत. चप्पल न घालता, तसेच अनवाणी, त्या तापलेल्या अंगणातून स्कूटरकडे धावले. फोन करता येतो हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

उशीर झाला होता, पण थोडा. उजवा डोळा डॉक्टरांनी आधी केला, तो चांगला आला. डाव्याला धुरकट दिसतं, ते तसंच राहील म्हणाले. त्याची चुटपुट मला आहे आणि राहणार. पट्टी निघाल्यावर आई घरी आल्या त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या. पडदा उचलून डोळ्याजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हे असलं शिवलं मी? आणि तुम्ही लावून ठेवलंत?" डॉक्टरने वाकायचं नाही, ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलेलं, म्हणून थांबल्या, नाहीतर तेव्हाच उसवायला बसल्या असत्या. महिना झाल्यावर उसवलंच. नव्याने घातलेले टाके आता ओळीत आहेत. वाकायला मोकळीक मिळाली तशा खाली वाकून आपल्या खणात डोकावल्या. गंगेचा गडू, काष्ठं, मण्याची डबी, सगळं जागच्या जागी होतं. आणि मागे सोनेरी अक्षरं. त्यांनी ती वाचली. चष्मा नीट करून पुन्हा वाचली. "हे कुणाचं रे ठरवलंस?" एवढंच म्हणाल्या.

परवा दसरा झाला. ऊन कडक पडलं होतं. मला उगीच अंगणातल्या खाटेची आठवण येत होती. आई आल्या, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, "मळलेत गं. साबणाचे शिंतोडे उडालेत. काढ, धुऊन टाकू."

"हाताने धुते मी. हलक्या हाताने."

"हाताने कशाला? मशीन समोर उभं आहे."

मी पडदे काढले, मशीनमध्ये घातले, साबण घातला. पण बटणापाशी गेलेला हात पुढे जाईना. घडी मोडायची नाही, कुणी शिवायचं नाही, कावळ्याने बसायचं नाही. इतकी वर्षं माझ्या हाडीमाशी मुरलं होतं ते.

"सर बाजूला," आई म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

पाणी भरलं. काचेच्या गोल दारामागे ते वांगी कापड उलटंपालटं व्हायला लागलं, फेसात बुडायला लागलं, काठ मधेच चमकून जायचा. आईंनी खुर्ची ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून, चांगला डोळा पुढे करून बघत बसल्या.

"रंग जातोय का गं?"

मी वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. "नाही आई."

"मग टिकेल बरीच वर्षं," त्या म्हणाल्या.